पाहुणे कोण, गावकरी कोण?

हल्ली आपल्या समाजात एक नवी प्रथा रुजली आहे, आणि ती आनंदाची आहे. ज्या आईवडिलांनी दिमोना, बेर-शेवा, अश्दोद, लोद येथील कारखान्यांत, शाळांत आणि इस्पितळांत आपली उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या किंवा पन्नासाव्या वाढदिवशी मुले त्यांना चार दिवस समुद्रकाठी विश्रांतीसाठी पाठवितात. पूर्वी अशा प्रसंगी मालिदा होई, आप्तेष्ट जमत, जुन्या आठवणी निघत. आता मालिदाही होतो आणि शेवटी मुलगा किंवा सून पाकिटातून हॉटेलची चिठ्ठीही काढून देते. यात वावगे काही नाही. आयुष्यभर इतरांची सोय पाहणाऱ्या माणसाची चार दिवस कोणी सोय पाहिली, तर त्याचा हेवा कोणी करू नये.

या सहलींत अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या ठिकाणांना फार मागणी आहे. समुद्रकाठचे एखादे जुने गाव घ्यायचे, त्याची पडकी घरे मूळच्याच दगडांनी उभी करायची, आत न्हाणीघर, वातानुकूलन आणि मऊ बिछाना आणायचा, आणि पूर्वी जेथे कोळी आणि खलाशी राहत, त्या खोल्या श्रीमंत पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने द्यायच्या. मीही अशी काही ठिकाणे पाहिली आहेत. अक्को येथील एका जुन्या वाड्यात आम्ही उभयतांनी दोन रात्री काढल्या. हातभर जाडीच्या भिंती, भर उन्हाळ्यातही अंगाला लागणारा त्यांचा गारवा, खिडकीखाली समुद्र, आणि सकाळी पितळी तबकात आलेली न्याहारी. हे सुख खरे आहे. ते नाकारून वैराग्याचा आव आणण्याची मला गरज वाटत नाही.

तरीही अशा ठिकाणांविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, कारण हा प्रश्न आता केवळ आपण पाहुणे म्हणून कोठे जावे एवढाच उरलेला नाही. तो आपल्या स्वतःच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. कसा, ते पुढे सांगते. अध्यापक विद्यालयात आम्हांला पहिला धडा मिळाला तो 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' या सूत्राचा. आज मी तो क्रम मुद्दाम उलटा करीत आहे. आधी परक्या गावाकडे पाहू, म्हणजे आपले गाव अधिक स्पष्ट दिसेल.

माँटेनेग्रो या लहानशा देशात, बुद्वा शहराजवळ, एड्रियाटिक समुद्रात स्वेती स्तेफान नावाचे एक चिमुकले बेट आहे. वाळू-खड्यांच्या एका चिंचोळ्या पट्टीने ते किनाऱ्याला जोडलेले आहे. लाल कौलांची दगडी घरे एकमेकांना खेटून उभी, मधून अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या, लहान लहान चर्चे, आणि भोवती तट. इस्राएलमधून माँटेनेग्रोला जाणारे आपले पुष्कळ बांधव वरच्या रस्त्यावर थांबून त्याचे छायाचित्र घेतात. त्या देशाच्या बहुतेक चित्रपत्रांवरही हेच दृश्य असते.

हे गाव पाश्त्रोविची नावाच्या कुळाचे. तुर्कांच्या स्वाऱ्यांपासून बचाव करण्यासाठी पंधराव्या शतकात त्यांनी ते तटबंद केले. आख्यायिका अशी की, तुर्कांकडून मिळविलेल्या लुटीच्या पैशांतून हा तट उभा राहिला, आणि आत कुळाच्या बारा शाखांनी प्रत्येकी एक अशी बारा घरे बांधली. बारा शाखा आणि बारा घरे हे ऐकून कोणाही यहुदी वाचकाला आपले बारा वंश आठवावेत, आणि बेने इस्राएल वाचकाला नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी आठवावीत, हे स्वाभाविक आहे. प्रत्येक जुन्या गावाच्या मुळाशी अशी एक मोजता येण्याजोगी संख्या असते. ती इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, गावाने स्वतःला कसे ओळखले हे ती सांगते.

एकोणिसाव्या शतकात या बेटावर सुमारे ४०० माणसे राहत होती. पुढे उपजीविका आटली, तरुण परदेशी गेले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे बोटांवर मोजण्याइतकीच माणसे उरली. तेव्हाच्या युगोस्लाव्ह सरकारने १९५० नंतरच्या दशकात त्यांना किनाऱ्यावर हलविले आणि संपूर्ण गावाचेच हॉटेल केले. मिलो मिलुनोविच व पेतार लुबार्दा या चित्रकारांना या कल्पनेचे श्रेय दिले जाते. घरांचे बाहेरचे रूप जसेच्या तसे ठेवायचे आणि आतून सर्व काही नवे करायचे, ही ती कल्पना. हॉटेल १९६० साली सुरू झाले. सोफिया लॉरेन, एलिझाबेथ टेलर यांच्यासारख्या तारका तेथे राहून गेल्या. १९९२ साली बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांचा गाजलेला दुसरा बुद्धिबळ सामना तेथेच सुरू झाला.

युगोस्लाव्हिया फुटला, युद्धे झाली, हॉटेलची रया गेली. २००७ साली ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आले व 'अमन' या आंतरराष्ट्रीय कंपनीकडे त्याचे चालन गेले. पुन्हा दुरुस्ती झाली आणि जगातील अतिशय महागड्या निवासांत त्याची गणना होऊ लागली. मात्र बेट पाहुण्यांपुरते राखले गेले. आसपासच्या ज्या वाळूवर स्थानिक लोकांच्या तीन पिढ्या पोहायला शिकल्या, त्या वाळूवर कोणी कोठवर जावे यावरून वाद सुरू झाला. लोक म्हणत, समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. चालक म्हणत, करारात पाहुण्यांना एकांत देण्याचे कबूल झाले आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात वाद विकोपास गेला आणि त्या हंगामात हॉटेल उघडलेच नाही.

या वादात कोणाचे किती बरोबर, हे ठरविणे माझे काम नव्हे. मला त्यातून दिसते ते वेगळेच. तट तोच, कौले तीच, गल्ल्याही त्याच. दगडाच्या दृष्टीने पाहिले तर एवढे चांगले जतन क्वचितच कोठे झाले असेल. परंतु बेटावर जन्मलेल्या आजीची नात आज त्या पट्टीपाशी उभी राहिली, तर ती कोण? पाहुणी नव्हे, कारण तिच्यापाशी खोलीचे भाडे नाही. गावकरीही नव्हे, कारण गावच नाही. ज्या जागी माणूस पाहुणाही नाही आणि गावकरीही नाही, त्या जागेशी त्याचे नाते फक्त छायाचित्रापुरते उरते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, बाई, गाव आधीच ओस पडले होते. हॉटेल झाले नसते तर छपरे कोसळली असती, भिंतींतून अंजिराची झाडे उगवली असती, आणि आज पाहायलाही काही उरले नसते. हे खरे आहे. शिवाय गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला कोणी हाकलूनच दिलेले असते असे नाही. नळाचे पाणी, डॉक्टर, मुलांची शाळा यांच्या ओढीने माणसे स्वतःहून निघतात. हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. कोकणातून आपल्याला कोणी बाहेर काढले नाही. तेथे आपल्या वाडवडिलांना धर्माच्या नावाखाली छळ सोसावा लागला नाही. आपण पोटासाठी मुंबईला गेलो आणि श्रद्धेसाठी इस्राएलला आलो. म्हणून जुन्या गावाविषयी गळा काढून बोलण्यात अर्थ नाही. प्रश्न गाव का सुटले हा नाही. सुटलेल्या गावाचे पुढे काय करावे, हा आहे.

आणि त्याला एकच उत्तर आहे असेही नाही. ग्रीसमधील सांतोरिनी बेटावर ९ जुलै १९५६ रोजी मोठा भूकंप झाला. समुद्रावरच्या कड्यात कोरलेल्या घरांचे इया हे गाव मोडून पडले आणि पुष्कळ लोक मुख्य भूमीकडे निघून गेले. १९७५ पासून तेथील राष्ट्रीय पर्यटन संघटनेने जुन्या वस्त्यांच्या जतनाची एक योजना हाती घेतली. तिच्यात घरांची मालकी मूळ मालकांकडेच राहिली. संघटनेने ठराविक वर्षे वापराचा हक्क घेतला, स्वतःच्या खर्चाने घरे दुरुस्त करून पाहुण्यांना दिली, आणि मुदत संपल्यावर ती मालकांना परत केली. म्हणजे भूकंपाने गेलेले घर नातवंडांना उभ्या भिंतींसह परत मिळाले. आज इया येथे गर्दीचा अतिरेक झाला आहे. सूर्यास्त पाहणाऱ्यांच्या दाटीतून गावकऱ्याला घरी जाणे कठीण होते. ती योजना म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हते. परंतु दगडाबरोबर सातबाराही जतन करता येतो, एवढे तिने दाखवून दिले.

इटलीत याहून निराळा विचार झाला. १९७६ साली फ्रिउली प्रांतात भूकंप झाला. त्यानंतर डोंगरातील मोकळी पडलेली घरे कशी वापरात आणावीत, या विचारातून जानकार्लो दाल्लारा यांनी 'विखुरलेल्या हॉटेला'ची कल्पना मांडली. एका घरात नोंदणीची कचेरी, दुसऱ्या आळीत दोन खोल्या, तिसरीकडे जेवणघर, आणि या सर्वांच्या मधोमध नेहमीसारखे नांदणारे गाव. येथे महत्त्वाची अट ही की, गावात माणसे राहती हवीत. भटारखाना चालू हवा, म्हातारी बाई दारात बसलेली हवी. गाव ओस असेल तर ते 'विखुरलेले हॉटेल' ठरत नाही. एका ठिकाणी गावाचे हॉटेल झाले, दुसऱ्या ठिकाणी गावात हॉटेल आले. मराठीत या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचाच फरक आहे, पण सगळा प्रश्न त्या प्रत्ययात आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. अक्कोचे जुने शहर २००१ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. तेथे दोन ऑटोमन वाडे जोडून बारा खोल्यांचे एक नामांकित हॉटेल २०१२ साली उघडले. त्याच्या छतांवरील जुनी चित्रे कारागिरांनी वर्षानुवर्षे खपून पुन्हा उजळली आहेत. हे काम पाहून कोणीही मान डोलवील. अक्कोची थोरवी मात्र अशी की, हॉटेलच्या दारातून बाहेर पडले की आपण जिवंत शहरात असतो. कोळी जाळी विणीत बसलेले असतात, पोरे तटावरून समुद्रात उड्या टाकतात, बाजारात मासळीवरून घासाघीस चालू असते. तेथील अरब रहिवाशांना मात्र भीती वाटते की, एकेक वाडा हॉटेल होता होता आपली पाळी केव्हा येईल. जझ्झार पाशाने अठराव्या शतकात बांधलेल्या खान अल-उमदान या सरायीचे हॉटेल करण्याच्या बेतावरून तेथे निदर्शने झाली, ती याच भीतीपोटी. जुन्या अक्कोतील पुष्कळशी घरे सरकारी मालकीची असून त्यांची व्यवस्था अमिदारकडे आहे. अमिदार हे नाव आपल्याला नवे नाही. ज्यांनी विकास-नगरांत अमिदारच्या घरांत संसार मांडले, त्यांना घर आपले आणि मालक दुसरा, ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

आणखी उत्तरेला अखझीव आहे. यहोशवाच्या पुस्तकात आशेर वंशाच्या वाट्यातील गावांत त्याचे नाव येते. तेथील अझ-झीब हे अरब गाव १९४८ च्या युद्धात, मे महिन्यात पडले आणि गावकरी परागंदा झाले. पुढे शेजारी क्लब मेड या फ्रेंच संस्थेचे सुटीग्राम उभे राहिले. गावाच्या जागी आज राष्ट्रीय उद्यान आहे. हिरवळीवर कुटुंबे मांस भाजतात, मुले पाण्यात खेळतात, आणि मधोमध एक घुमटाची इमारत उभी आहे. युद्धाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु शिक्षिकेच्या नात्याने मी एवढे म्हणेन की, वर्गाची सहल तेथे नेली असता एखाद्या मुलाने 'हा घुमट कोणाचा' असे विचारले, तर त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे. बायबलातील नाव सांगायचे आणि १९४८ पर्यंतचे नाव गाळायचे, हा इतिहासाचा धडा नव्हे.

किनाऱ्याच्या बाबतीत मात्र आपल्या देशाने एक चांगले पाऊल उचलले आहे. २००४ च्या किनारी पर्यावरण संरक्षण कायद्याने समुद्राकाठाने चालत जाण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. अश्दोद आणि रिशोन-लेझियोन येथील आपल्या वाचकांना पल्माखीमचा किनारा परिचयाचा असेल. तेथे एक सुटीग्राम बांधण्याचे ठरले होते. लोकांनी, विशेषतः तरुणांनी, वाळूवर तंबू ठोकून विरोध केला, आणि २०१० साली सरकारने तो बेत रद्द केला. म्हणून आज तेथे शब्बाथच्या दुपारी कोणाचेही मूल वाळूचा किल्ला करू शकते.

या सर्व उदाहरणांवरून मला तीन कसोट्या सुचतात. जुन्या गावातील कोणतेही वैभवशाली निवासस्थान या तीन प्रश्नांनी पारखावे. पहिला, मूळच्या माणसांचा तेथे काही हक्क उरला आहे काय, मग तो मालकीचा असो, भाडेकरूचा असो वा पिढीजात व्यवसायाचा असो? दुसरा, वहिवाट खुली आहे काय? म्हणजे समुद्राकडे, विहिरीकडे, प्रार्थनास्थळाकडे आणि दफनभूमीकडे जाणारी वाट कोणासही अडविल्याविना चालता येते काय? आणि तिसरा, नाव सांगितले जाते काय? हे घर कोणाचे होते, ते काय काम करीत, कोठे गेले, हे पाहुण्याला कळण्याची काही सोय आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तर तेथे खुशाल राहावे आणि पैसे देताना कुरकुर करू नये. तिन्ही नकारार्थी आली, तर आपण गावात राहिलो नसून गावाच्या देखाव्यात राहिलो, असे समजावे.

येथवर परक्या गावांचे झाले. आता आपल्या गावाकडे येते.

आपली आडनावे म्हणजे कोकणच्या नकाशाची अनुक्रमणिका आहे. केहीमकर, नवगावकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर. ज्या गावाचे नाव आपण रोज सही करताना लिहितो, ते गाव आपल्या नातवंडांपैकी कितींनी पाहिले आहे? आणि नेमका तोच किनारा आज विश्रामस्थानांचा किनारा झाला आहे. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी बोट सुरू झाली. २०२४ च्या जानेवारीत मुंबईहून खाडी ओलांडणारा अटल सेतू खुला झाला. अलिबाग आता मुंबईच्या धनिकांचे दुसरे अंगण आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांना, कौलारू घरांना, पडवीला आणि ओटीला जो भाव आज आला आहे, तो आपल्या आजोबांच्या स्वप्नातही आला नसता.

काही वर्षांपूर्वी अलिबागजवळ एका जुन्या वाडीत उभारलेले असेच एक विश्रामस्थान मी पाहिले. नाव सांगण्याचे कारण नाही. घर सुंदर राखले होते. विहिरीवरचा रहाट तेल-पाणी करून शोभेला ठेवला होता. प्रवेशदालनात मधोमध एक लाकडी तेलघाणा मांडला होता आणि त्यावर फुलांची परडी. खाली पाटी होती, 'पुरातन कोकणी वस्तू'. एवढेच. तो घाणा कोणाचा, हे मला ठाऊक नाही, आणि तेथील कोणालाही सांगता आले नाही. परंतु त्या किनाऱ्यावर घाणा चालविणारे आणि शनिवारी बैल सोडून ठेवणारे 'शनवार तेली' कोण, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. माजघराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीवर, रंगाखाली बुजविलेली बोटभर लांबीची एक तिरकी खूण होती. ती मेझुझाची होती असे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण दुसरे काय असेल, हेही मला सुचले नाही.

त्या मालकाने काही वाईट केले असे मी म्हणत नाही. त्याने घर विकत घेतले, नीट राखले, गावातल्या दहा जणांना काम दिले. घाण्याची माहिती त्याला कोणी दिलीच नव्हती, तर तो पाटीवर काय लिहिणार? माहिती देण्याचे काम ज्यांचे, ते येथे, सुमारे चार हजार किलोमीटरांवर आहेत.

आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याची निकड वाटली. गेल्या काही दिवसांत आपल्या परिचयातील एकाहून अधिक कुटुंबांना कोकणातून दूरध्वनी आले आहेत. आजोबांच्या नावाच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचे नाव लागते, जागा पडून आहे, रिसॉर्टसाठी गिऱ्हाईक तयार आहे, तुम्ही फक्त मुखत्यारपत्रावर सही करून पाठवा, बाकीचे आम्ही पाहतो. रक्कम ऐकून घरात आनंद होतो, भावाभावांत हिशेब सुरू होतात. ज्यांना या वयात पैशांची गरज आहे त्यांनी विकू नये, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. नाबोथाने राजाला आपला वडिलोपार्जित द्राक्षमळा चांगल्या किमतीलाही दिला नाही, हे आपण मुलांना शिकवितो. परंतु नाबोथ त्या मळ्यात राबत होता. आपण ते अंगण पन्नास वर्षे झाडलेले नाही.

विकावे, पण घाईने विकू नये. न वाचता सही करू नये. तेथील विश्वासू वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत, आणि किमतीबरोबर तीन अटी करारात लिहून मागाव्यात. एक, जागेतून दफनभूमीकडे, विहिरीकडे किंवा किनाऱ्याकडे जी वहिवाट आहे, ती कायम खुली राहील. ही अट शेजारच्या कोळी, आगरी आणि माळी कुटुंबांच्याही हिताची आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी आपल्या सणांना नारळ आणि फुले दिली, त्यांची वाट आपल्या सहीने बंद होता कामा नये. दोन, घराला मूळ कुटुंबाचे नाव आणि व्यवसाय सांगणारी एक पाटी मराठीत लावली जाईल. तीन, बांधकाम बदलण्यापूर्वी घराची छायाचित्रे आणि आराखडा आपल्याला मिळेल. या अटींनी किंमत फारशी उतरत नाही. उलट जुन्या वास्तूंवर व्यवसाय करणाऱ्याला अशी खरी कहाणी हवीच असते.

जे पाहुणे म्हणून तिकडे जातात, त्यांच्यासाठीही थोडे सांगते. नातवंडांना घेऊन अवश्य जा, चांगल्या रिसॉर्टमध्ये अवश्य राहा. मात्र चार दिवसांतला एक दिवस गावाला द्या. अलिबागच्या इस्राएल आळीत जा, मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये दिवा लावा. नवगावच्या दफनभूमीत जाऊन कादीश म्हणा. एलियाहू हन्नाबीच्या खडकापाशी मुलांना उभे करा. तेथे जी मोजकी कुटुंबे आजही दिवे लावीत आहेत, त्यांच्या ओटीवर बसून चहा घ्या, आणि सिनेगॉगच्या पेटीत हॉटेलच्या एका रात्रीएवढी तरी रक्कम घाला. एक रात्र समुद्राची, एक रात्र पूर्वजांची, हा हिशेब कोणालाही परवडेल.

आणि एक काम असे आहे की, ज्यासाठी विमानाचे तिकीटही लागत नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांना बसवून विचारा. गावात घर कोठे होते, शेजारी कोण होते, विहीर कोणत्या अंगाला होती, घाणा होता काय, ओटीवरून काय दिसे? उत्तरे मराठीत, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. हयीम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला, आणि तो १९३७ साली तेल-अवीव येथे छापला गेला. म्हणून आज आपल्याला स्वतःविषयी काही सांगता येते. परंतु घराघराचा इतिहास त्यांनी लिहिलेला नाही, तो आपणच लिहावयाचा आहे. संपादकांना माझी विनंती आहे की, या पत्रिकेची दोन पाने दर अंकात यासाठी राखावीत. एका अंकात एक गाव घ्यावे. ज्याला जेवढे आठवते तेवढे त्याने कळवावे. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालेल.

स्वेती स्तेफानच्या घरांना आता खोल्यांचे क्रमांक आहेत. आपल्या घरांनाही उद्या क्रमांक लागतील, ते थांबविणे आपल्या हाती नाही. क्रमांकाच्या खाली कोणाचे नाव असावे, हे मात्र अजून काही वर्षे तरी आपल्या हाती आहे. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, त्यांची वये आपण सारेच जाणतो.